वाचक विचारतात : ज्ञानकोशातला खोडसाळपणा

प्रश्न : मराठी विकिपीडियावर ठाणे रेल्वे स्थानकाच्या लेखात कुणीतरी शिव्या घुसडतं. मी त्या खोडून वाक्य पुन्हा टाइप करते, दोन दिवसांनी परत तेच. आता पहिल्या गाडीचं सालही बदललेलं दिसलं. काय करावं?
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : आधी हाताने टाइप करणं थांबवा. त्यात संदर्भ गळतात. शिवाय अशी मंडळी बरेचदा लागोपाठ दोन-तीन बदल करतात. शिवी डोळ्यांत भरते, साल मात्र तसंच राहून जातं. ‘इतिहास पहा’ उघडा. शेवटच्या धड आवृत्तीसमोरचं आणि सर्वांत वरच्या आवृत्तीसमोरचं वर्तुळ निवडून तुलना करा. तिथूनच ‘उलटवा’ दाबलं की मधले सगळे बदल एकदम जातात. मधे कुणी चांगली भर घातली असेल तर तीही जाते, म्हणून जतन करण्याआधी फरक वाचा आणि ती भर परत घाला. जतन करतानाच्या सारांशाच्या चौकटीत ‘खोडसाळ बदल उलटवला’ एवढंच लिहा. टोमणा नको, त्यांना तेच हवं असतं.

सालाची खोडी शिवीपेक्षा वाईट. शिवी कुणालाही कळते, चुकीचं साल मात्र मुलांच्या प्रकल्पवहीत जाऊन बसतं. इतिहासात प्रत्येक बदलापुढे बाइटचा, म्हणजे मजकुराच्या आकाराचा, फरक दिसतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, त्यामुळे परिच्छेद उडवला तर मोठा उणे आकडा लगेच दिसतो. पण १८५३ चं १८३५ केलं की फरक शून्य! म्हणून अनोळखी सदस्याचा शून्य फरकाचा बदल आवर्जून उघडून पाहा. (बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी.)

पानावरची चांदणी एकदा दाबा, म्हणजे लेखातले नवे बदल तुमच्या यादीत दिसतील. त्या सदस्याच्या चर्चापानावर एक सौम्य सूचना द्या. तरीही थांबला नाही तर फरकाच्या दुव्यांसह प्रचालकांना (विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना) कळवा. ते त्याला रोखू शकतात किंवा पान काही दिवस सुरक्षित करू शकतात. कुणाचा फोन नंबर वा पत्ता घुसडला असेल, तर उलटवूनही तो इतिहासात राहतो. अशा वेळी चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) लिहू नका, चारचौघांचं लक्ष उलट तिकडेच जातं. प्रचालकाला ईमेलने कळवून ती आवृत्ती लपवून घ्या.

प्रश्न : ठाणे जिल्ह्याच्या लेखात लोकसंख्या कुणीतरी १ कोटी १० लाखांवरून ८० लाखांवर आणली. तक्रार करू का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : घाई नको. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतला मोठा आकडा अविभाजित जिल्ह्याचा आहे. पालघरचे सुमारे ३० लाख वजा केले की उरतात ते ८० लाखच. संदर्भ न देणं ही चूक खरी, पण हा उत्पात नव्हे. लेखाच्या चर्चापानावर संदर्भ मागा, आणि दोन्ही आकडे कोणत्या हद्दीचे ते लेखात स्पष्ट करा.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या शाळेत विकिपीडिया संपादन कार्यशाळा आहे. खाती तिथेच उघडू का?
– एक शिक्षिका

उत्तर : घरून उघडून या. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून) दिवसाला ६ च खाती उघडता येतात, सातव्या मुलाला नकार मिळेल. पूर्वी कुणा विद्यार्थ्याने उपद्व्याप केला असेल तर संगणक प्रयोगशाळेचा आयपी पत्ताच रोखलेला असू शकतो. तेव्हा आदल्या दिवशी तिथल्या संगणकावरून एक संपादन करून पाहा.