पेस्टमला मुक्कामच करा, आणि तोही म्हशींच्या शेतावर

पॉम्पेई झाल्यावर पेस्टमला, दक्षिण इटलीतल्या त्या जुन्या ग्रीक देवळांच्या गावी, जावं का, आणि वयस्कर आईवडिलांना शेतावर ठेवावं की नेपल्सच्या हॉटेलात, असं तुम्ही विचारलंय. जा, आणि शेतावरच राहा.

आमचे आबा करवीर तालुक्यातले. सारा जन्म म्हशींच्या धारा काढण्यात गेला. त्यांना पेस्टमला नेलं तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "गोठा दाखवायला इटलीला कशाला? व्हेनिस दाखव की." अजूनही प्रत्येक लग्नकार्यात तो हे उकरून काढतो. म्हणून हे उत्तर.

पेस्टमभोवती मोझरेला चीजसाठी म्हशी पाळणारी शेतंच शेतं आहेत. मालकीणबाईंनी गोठा उघडला तसे आबा सरळ आत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. आबांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, कास निरखली, बोटांनीच विचारलं, दूध किती? बाईंनी बोटांनीच सांगितलं. मग चीज करायची खोली. रेनेट (दूध गोठवायचं द्रव्य) घालून फाडलेल्या दुधाचा चोथा कढत पाण्यात ताणत राहतात. तो चकाकायला लागला की अंगठा आणि तर्जनीनं चिमटून गोळे तोडतात. आबा तिथून हलेनात.

देवळं तीन, ग्रीकांनी बांधलेली, इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांतली. दगडावर दगड, मध्ये चुना नाही. आबा खांबांच्या सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "खिद्रापुरासारखंच की रं." ऊन उतरल्यावर, सहलीच्या बस गेल्यावर बघा; मुक्काम करायचा तो त्यासाठीच. संग्रहालयात १९६८ साली सापडलेली पाणबुड्याची कबर आहे, तिच्या झाकणावर उडी घेणारा माणूस रंगवलाय. ती चुकवू नका.

इटलीत अ‍ॅग्रितुरिस्मोचा म्हणजे शेतावर पाहुणे ठेवण्याचा कायदाच आहे: शेती हा मुख्य धंदा असला पाहिजे, पाहुणे जोडधंदा. नुसतं हॉटेल थाटून तो शिक्का मिळत नाही.

नेपल्सहून रेल्वे आहे, स्थानकापासून देवळं चालत जाण्याजोगी. शेतावर मात्र गाडी हवी. भर उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना नेऊ नका, सावली फार थोडी. आणि शाकाहारी असाल तर एक सांगायचं राहिलं: अस्सल म्हशीच्या मोझरेलाला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. आईंना चालणार नसेल तर बुकिंग करतानाच कळवा.

बाकी तुमचे वडील शेतकरी असतील तर व्हेनिस खुशाल गाळा. भावाला हे मी तोंडावर सांगितलंय.