‘महागाईची धग’ म्हणणं चूक आहे का?

तुम्ही विचारलंय की नेहमी ‘महागाईची झळ’ ऐकतो, पण एका बातमीत ‘महागाईची धग’ वाचलं. दोन्ही शब्द कडक उष्णतेचेच, मग बिघडलं कुठे?

व्याकरणात काहीच बिघडलेलं नाही. पण उष्णता एक असली तरी ती अंगाला लागते दोन तऱ्हांनी. जाळ विझल्यानंतरचे निखारे आठवा. वर राखेचा पातळ पापुद्रा, ज्वाळेचा मागमूस नाही. वीतभर अंतरावर बाजूला तळहात धरा. आधी ऊब, मग हात मागे घ्यावासाच वाटतो. ही धग. मध्ये ताट आडवं धरलं की ती तिथेच अडते, कारण ती निखाऱ्यातून थेट किरणांनी येते, हवेवर स्वार होऊन नाही. आता त्याच निखाऱ्यांवरून वारा सुटला, की तोंडावर गरम लोट येतो आणि निघून जातो. ही झळ.

म्हणजे धग मुक्कामाला असते, झळ येऊन जाते. दिवस मावळला तरी दगडी भिंतीला धग असते. तिथे ‘झळ’ जिभेवर येतच नाही. अनेकवचनातही हे दिसतं. उन्हाच्या झळा आपण सर्रास म्हणतो, धग मात्र एकच असते. मला हा पुरावा सगळ्यात पक्का वाटतो.

लाक्षणिक अर्थही याच वाटेने जातात. झळ म्हणजे आग दुसरीकडे आणि नुकसान आपल्यापर्यंत: खिशाला झळ, युद्धाची झळ शेजारी देशांना. धग म्हणजे जिथे पेटलंय तिथलीच, न विझलेली: अपमानाची धग, आंदोलनाची धग. ‘अपमानाची झळ’ म्हणून बघा, शब्द तोकडा पडतो.

तेव्हा बातमी घरखर्चाबद्दल असेल तर ‘झळ’च हवं. महिनोन्‌महिने न हटणाऱ्या दरवाढीबद्दल असेल, तर ‘धग’ मी खोडणार नाही.

‘आच’ या दोघींहून वेगळी. संस्कृत ‘अर्चिस्’वरून आलेला हा शब्द कमी-जास्त करता येणाऱ्या उष्णतेचा, म्हणून मंद आचेवर शिजवतात. शिकण्याची आच लागते तीही याच शब्दाची.

आणि एक गंमत पाहा: धग दुप्पट केली की ‘धगधगीत’, उष्णता वाढते. झळ दुप्पट केली की ‘झळझळीत’, आणि तिथे उष्णता जाऊन नुसता उजेड उरतो.