घोरणे मध्येच थांबते तेव्हा

प्रश्न : माझ्या पतींचे वय ५१ आहे. ते पूर्वीपासूनच घोरतात. परंतु गेल्या वर्षभरात घोरता घोरता त्यांचा आवाज एकदम बंद होतो, काही क्षण पूर्ण शांतता असते आणि मग गुदमरल्यासारखा आचका देऊन ते पुन्हा घोरू लागतात. सकाळी विचारले तर 'मला छान झोप लागली होती' म्हणतात. दुपारी मात्र वर्तमानपत्र हातात असतानाच त्यांची मान खाली जाते. मलाही हल्ली रात्री अंथरुणावर पडले की पोटऱ्यांत वळवळल्यासारखे होते. हे वयामुळे होत आहे असे समजून सोडून द्यावे का?

उत्तर : नाही, सोडून देऊ नये. 'घोरत पडणे' म्हणजे निर्धास्त झोपणे, असा अर्थ आपल्या भाषेनेच रूढ करून ठेवल्यामुळे घोरणाऱ्या माणसाची कोणाला काळजी वाटत नाही. नुसते घोरणे हा आजार असतोच असे नाही. पण आपण वर्णन केलेली मधली शांतता महत्त्वाची आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, छाती-पोट हलत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास सुरू करतो. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. हे जागे होणे इतके निसटते असते की सकाळी त्याची आठवणही राहत नाही. त्यामुळे आपले पती खोटे बोलत नाहीत, ते या प्रकरणातले साक्षीदारच नाहीत. साक्षीदार आपण आहात.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक खंड मोजतात. तासाला असे ५ पेक्षा कमी खंड सामान्य धरले जातात. ३० किंवा त्याहून अधिक असतील तर आजार तीव्र समजतात. सकाळी डोके दुखणे, तोंडाला कोरड पडणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे आणि औषधे घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब या खुणा सोबत असल्यास संशय बळावतो. त्यांच्या झोपेचे काही मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करून डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात. आजार ठरल्यास मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र हा प्रभावी उपचार आहे, मात्र त्याची सवय व्हायला काही आठवडे लागू शकतात.

आपल्या पायांविषयी : पाय हलवल्याशिवाय चैन न पडणे, हा त्रास संध्याकाळी व रात्री वाढणे, विश्रांती घेताना सुरू होणे आणि चालल्यावर थांबणे, या चारही गोष्टी जुळत असतील तर 'रेस्टलेस लेग्ज' हा विकार असू शकतो. शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे त्याचे एक नेहमीचे कारण असल्याने रक्तातील फेरिटिन (हा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्यावे, आणि केवळ हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून समाधान मानू नये. सर्दी-ॲलर्जीच्या काही गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो, हेही लक्षात असू द्यावे.

याउलट, आठवड्यातून किमान ३ रात्री झोप न लागणे किंवा मध्येच मोडणे असे ३ महिने चालले आणि दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर तो जुनाट निद्रानाश होय. त्यावर गोळ्यांपेक्षा वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याचे उपचार, आधी करून पाहतात.

आपल्या पतींना मात्र शांत झोप लागावी म्हणून कोणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी देऊ नये, आणि रात्रीचे मद्यही टाळावे. दोन्हींमुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात. वाचता वाचता ज्यांची मान खाली जाते, त्यांची ती गाडी चालवतानाही जाऊ शकते, म्हणून तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांनी स्वतः गाडी चालवू नये.