तेहतीस वर्षांचे नवखे

पन्नाशी-साठीतील स्त्रिया, आणि अलीकडे काही पुरुषही, माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात आणि तो बहुतेक वेळा जवळजवळ त्याच शब्दांत विचारला जातो: “आमचं कधी जुळलंच नाही. मुलांसाठी वर्षं काढली. आता मुलं मार्गी लागली, मग एकत्र राहायचं कशासाठी?” नाशिकमध्ये समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. मात्र उत्तर शोधायला सुरुवात कोठून करावी हे मला एका दांपत्याने शिकवले. त्यांची हकीकत मी दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलून येथे सांगत आहे.

बाई माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. त्यांचे यजमान अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, मूळचे निफाड तालुक्यातले. त्यांना घरात आणि गावात आप्पा म्हणतात. लग्नाला तेहतीस वर्षे झालेली. पहिल्या भेटीला बाई एकट्याच आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक कादंबरी काढून माझ्या टेबलावर ठेवली. पुण्याहून लेकीने वाढदिवसाला पाठवलेली, अ‍ॅन टायलर या अमेरिकन लेखिकेची ‘द अ‍ॅमॅच्युअर मॅरेज’. “हे आमचंच आहे,” त्या म्हणाल्या.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत मायकेल आणि पॉलीन यांच्या संसाराची गोष्ट आहे. डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरते त्या दिवसांत, बाल्टिमोर शहरातील एका लहानशा किराणा दुकानात दोघांची गाठ पडते आणि युद्धाच्या त्या भारलेल्या हवेत लग्नही होते. तो मोजूनमापून बोलणारा, सावध. ती उत्साही, मनात येईल ते बोलून टाकणारी. त्यांना तीन मुले होतात, थोरली मुलगी घर सोडून निघून जाते, नातवाला हे दोघे वाढवतात, आणि या साऱ्या काळात त्यांची भांडणे तीच राहतात. अखेर लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी मायकेल घराबाहेर पडतो. त्याला वाटत असते की आपल्याबरोबर लग्न झालेली सारी जोडपी हळूहळू संसारात मुरली, आपण दोघे मात्र पहिल्या दिवशी होतो तसेच अडाणी राहिलो. शीर्षकातल्या ‘अ‍ॅमॅच्युअर’ या शब्दाला आपण एरवी ‘हौशी’ म्हणतो, पण त्यात हौस ऐकू येते. येथे अर्थ आहे तो ‘नवखे’ असा. बाईंनी तिसाव्या वाढदिवसाच्या पानावर पेन्सिलीने उभी रेघ ओढली होती आणि त्यांचा प्रश्न सरळ होता: त्याने जे तिसाव्या वर्षी केले ते मी तेहतिसाव्या वर्षी करू नये का?

असा प्रश्न आला की मी आधी दुसरेच काही विचारते, आणि ते नेहमी एकटीला विचारते. घरात हात उगारला जातो का, पैसे अडवले जातात का, माहेरी जायला किंवा फोन करायला बंदी आहे का, नवरा घरी येण्याच्या वेळेला पोटात गोळा येतो का. यांपैकी कशाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर तेथे स्वभाव जुळण्या-न जुळण्याची चर्चा करणे हा त्या बाईवर अन्याय आहे. तेथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आणि सुरक्षित जागा यांबद्दल आधी बोलायचे असते. सहन करण्याचे कौतुक आपल्याकडे फार झाले आहे. बाईंच्या बाबतीत असे काही नव्हते. “भीती नाही हो, एकटेपणा आहे,” असे त्यांनी सांगितले. कायद्याचे त्यांनी विचारले तेही मी सांगितले: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट मागण्यापूर्वी दोघांनी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, अर्जानंतरचा सहा महिन्यांचा अवधी योग्य परिस्थितीत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, पुढचे वकिलांकडून समजून घ्यावे. वाट माहीत असली की माणूस घाईने निर्णय घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग मी आप्पांना बोलावले. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “आमच्या लग्नात पत्रिका बघितली होती. अठ्ठावीस गुण जुळले होते.” छत्तीसपैकी अठ्ठावीस म्हणजे कोणीही गुरुजी खुशीने होकार देतील. त्या छत्तीसांत नाडीला आठ गुण असतात, राशीकूटाला सात, गणाला सहा. पण एका घरात शांतता म्हणजे काय आणि दुसऱ्या घरात शांतता म्हणजे काय, याला एकही गुण नसतो. या दोघांचा छत्तीसचा आकडा नेमका तेथेच होता, हे मला तोवर माहीत नव्हते.

तिसऱ्या भेटीत मी बाईंना कादंबरीची गोष्ट आप्पांना मराठीतून सांगायला सांगितले. त्यांनी ती सुरेख सांगितली. शिकवण्याची सवय दिसत होती. दुकानातली पहिली भेट, युद्ध, मुले, पळून गेलेली मुलगी, आणि शेवटी तो वाढदिवस, असे सगळे सांगून त्या थांबल्या आणि आप्पांकडे पाहू लागल्या. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “आणि दुकानाचं काय झालं?”

बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघितलंत? हे असं आहे. माणसं उद्ध्वस्त झाली आणि यांना दुकानाची पडली आहे.” त्यांचा संताप मला समजत होता, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले. तरी मी आप्पांना विचारले की दुकानच का आठवले. ते खाली बघत म्हणाले, “दुकान चालतंय की बुडतंय, हे कळल्याशिवाय तो माणूस घरी काय बोलणार? त्याच्या डोक्यात दुसरं काय असणार?”

येथून पुढे जे निघाले ते त्या खोलीत प्रथमच बोलले जात होते. गावी धाकट्या भावाकडे चार एकर द्राक्षबाग आहे, आणि सोसायटीच्या कर्जाला आप्पा जामीन आहेत. हे बाईंना माहीत होते. मात्र ऑक्टोबरची छाटणी झाली की माल निघेपर्यंतचे सगळे महिने या माणसाची झोप उडालेली असते, हे त्यांना माहीत नव्हते. फुलोऱ्यात पाऊस आला तर डावणी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात. मण्यांत साखर भरल्यावर आला तर मणी तडकतात. निफाडचा पारा फार उतरला तर बागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. आप्पा शहरात नोकरी करत होते, पण आभाळ भरून आले की त्यांचे बोलणे बंद होत असे. मी दोघांना गेल्या काही वर्षांतली मोठी भांडणे महिन्यांसकट आठवायला सांगितली. बाईंनी बोटांवर मोजली आणि त्या स्वतःच थबकल्या: बहुतेक सगळी दिवाळी ते शिवरात्र या दिवसांतली होती.

त्यांपैकी एक भांडण त्यांना सर्वांत जास्त लागले होते. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. निवृत्तीनिमित्त बाईंनी शाळेतल्या बारा मैत्रिणींना गंगापूर रोडवरच्या घरी जेवायला बोलावले होते. पुरणपोळ्या झाल्या होत्या, कोणीतरी गाणे म्हणत होते, आणि पाने वाढत असतानाच आप्पा फोन घेऊन गॅलरीत गेले ते परत आलेच नाहीत. मैत्रिणी गेल्यावर भरल्या ताटावरून उठल्याबद्दल बाई बोलल्या, ते काहीच बोलले नाहीत, आणि पुढचे पंधरा दिवस घरात कामापुरतेच शब्द राहिले. त्याच दिवशी निफाड तालुक्यात गारपीट झाली होती. गॅलरीत आप्पा भावाशी बोलत होते, आणि तिकडून भाऊ बांधावर उभा राहून रडत होता.

“मला सांगायला काय झालं होतं?” बाईंनी विचारले.

“तुझा दिवस होता. आत गाणं चाललं होतं,” आप्पा म्हणाले.

यावर बाई विरघळल्या, असे लिहिणे खोटे ठरेल. त्यांना अधिकच राग आला, आणि माझ्या मते तो रास्त होता, कारण तेहतीस वर्षे एका माणसाची काळजी घरात राहत होती आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तिची ओळखही करून दिली गेली नव्हती. पण पुढच्या भेटीत त्यांनी आपल्या माहेराबद्दल सांगितले. पंचवटीतले जुने घर, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर; वर्षभर कोणी ना कोणी यात्रेला आलेले, ओसरीवर गाद्या, चुलीवर कायम चहा. “आमच्या घरात शांतता दोनदाच व्हायची,” त्या म्हणाल्या, “कोणी गेलं तर, नाहीतर वडील कोणावर चिडले तर.” उलट आप्पांच्या घरी संकटाच्या वेळी कोणी मोठ्याने बोलत नसे, गप्प बसून शेजारी बसणे हाच तेथे धीर देण्याचा प्रकार होता. म्हणजे त्याच्या शांततेचा अर्थ तिला राग असा लागत होता, आणि तिच्या पाहुण्यांचा, गप्पांचा अर्थ त्याला ‘हिला कशाचीच फिकीर नाही’ असा लागत होता. दोघांनी हा अर्थ पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरवला आणि पुन्हा कधी तपासला नाही.

म्हणून वरच्या प्रश्नावर मी आता असे सांगते: राहायचे की नाही हे ठरवण्याआधी, आपण जोडीदाराबद्दल पहिल्या वर्षांत काय काय ठरवून टाकले आहे ते शोधा, आणि ते आजच्या माणसाला लागू आहे का ते त्यालाच विचारा. स्वभावांतला फरक त्यामुळे जात नाही. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांच्या दीर्घ अभ्यासातून असा निष्कर्ष काढला की दांपत्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचेच असतात, सुखी जोडप्यांतही. फरक पडतो तो त्या वादावर दोघे कसे बोलतात याने. मला हा आकडा दिलासा देणारा वाटतो, कारण भांडण संपत नाही म्हणून लग्न फसले, ही समजूत त्याने दूर होते. आणि विचारून, बोलून, काही महिने खरोखर प्रयत्न करूनही एकटेपणा तसाच राहिला, तर वेगळे होण्याला मी अपयश मानत नाही. कादंबरीतल्या मायकेलला मी दोष देत नाही. मला वाईट वाटते ते याचे की त्या तीस वर्षांत त्या दोघांना थांबवून ‘तुला हे असे का वाटते’ असे विचारणारे कोणी भेटले नाही.

बाई आणि आप्पांनी काही साध्या गोष्टी ठरवल्या. आभाळ भरून आले की आप्पांनी एवढेच म्हणायचे, “बागेचं टेन्शन आहे, तुझ्यावर राग नाही.” हे वाक्य त्यांना पहिल्यांदा जमायला दोन महिने लागले, आणि अजूनही कधी कधी ते विसरतात. बाईंनी पाहुणे बोलावण्याआधी विचारायचे. हे त्यांना अवघड जाते आणि त्या तसे स्पष्ट बोलतात. आठवड्यातले दोन दिवस त्या पंचवटीत बहिणीकडे राहतात. वेगळे होण्याचा विषय मिटलेला नाही; तो पुढच्या दिवाळीपर्यंत बाजूला ठेवला आहे, असे दोघे सांगतात, आणि मला ते प्रामाणिक वाटते.

गेल्या महिन्यात ते आले तेव्हा कळले की बाई रोज रात्री जेवणानंतर ती कादंबरी आप्पांना मराठी करून वाचून दाखवतात, चार-पाच पाने. आदल्या रात्री तिसाव्या वाढदिवसाचे पान आले होते. पेन्सिलीची रेघ पाहून बाई थांबल्या आणि पुस्तक मिटू लागल्या. आप्पा उठून आत गेले, दोन कप चहा घेऊन आले, एक त्यांच्यासमोर ठेवला आणि पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले, “वाच.”