निर्णय चुकीचा होता, मग मी गप्प बसायचं का?

"निर्णय चुकीचा होता, हे तुम्हाला पटतंय का? आधी तेवढं सांगा." रागामुळे अडचणीत आलेल्या प्रशिक्षकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा याच अर्थाचं असतं. सोलापुरातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक आमच्याकडे समुपदेशनासाठी आले तेव्हा त्यांनीही इथूनच सुरुवात केली. (त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सामना 17 वर्षांखालील मुलांच्या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेचा, उपांत्य फेरीचा. गोल झालेला नव्हता आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. सरांच्या स्ट्रायकरने थ्रू पास (बचावपटूंच्या मागे दिलेला चेंडू) पकडून चेंडू जाळ्यात मारला, आणि पलीकडच्या टचलाईनवर, म्हणजे बाजूच्या रेषेवर, उभ्या सहायक पंचाने ऑफसाईडचा झेंडा वर केला: पास दिला तेव्हा स्ट्रायकर, गोलकीपर धरून, शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे होता, असा त्याचा अर्थ. सरांनी समोरची पाण्याची बाटली लाथेने मैदानात उडवली आणि ते स्वतः आत घुसले. "डोळे फुटलेत का बे?" इथून सुरू झालेलं बोलणं पंचांच्या घरच्यांपर्यंत गेलं. लाल कार्ड मिळालं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांचे दोन बचावपटू अजून मैदानाबाहेर जाणाऱ्या सरांकडेच बघत होते. गोल बसला, सामना गेला. रात्रीपर्यंत व्हिडिओ पालकांच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला.

तरीही सर खुलाशाच्या धास्तीने आले नव्हते. त्या आठवड्यात सराव सामन्यात शिट्टी वाजवणाऱ्या सहकारी शिक्षकाला त्यांच्याच गोलकीपरने तेच शब्द ऐकवले होते, तेही त्याच सुरात. मोठ्यांची आक्रमक वागणूक मुलं नुसती पाहून उचलतात, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 सालच्या प्रयोगात दाखवलं होतं. सरांना प्रयोग माहीत नव्हता, पण पोराच्या तोंडून स्वतःचा आवाज ऐकल्यावर त्यांची झोप उडाली.

अशा माणसाला "शांत व्हा, एवढं काय त्यात" असं सांगून काहीच साधत नाही. गोलाला किंमत नाही, असंच त्याला ऐकू येतं आणि तो आणखी जोराने आपली बाजू मांडू लागतो. म्हणून आधी निर्णयाबद्दलच बोललं पाहिजे, आणि नीट, कागद-पेन घेऊन. सरांना मैदानाची आकृती काढायला सांगितली: आपला बेंच कुठे, सहायक पंच कुठे, स्ट्रायकर कुठे, शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी कुठे.

चित्र असं निघालं. बेंच मध्यरेषेजवळ, झेंडा धरणारा समोरच्या बाजूला. स्ट्रायकर झेंड्याच्या बाजूने धावत होता, बचावपटू बेंचच्या बाजूला होता. ऑफसाईड अचूक ओळखायचा तर सहायक पंच शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अगदी रेषेत हवा. हा मात्र तीन-चार पावलं मागे, मध्यरेषेकडे राहिला होता. तिथून त्याची नजर तिरकी, गोलच्या दिशेने जाते. अशा तिरक्या नजरेला जवळचा खेळाडू दूरच्या खेळाडूच्या पुढे गेलेला भासतो, दोघं एका रेषेत असले तरी. त्याच्या जवळ होता स्ट्रायकर, त्यामुळे त्याला ऑफसाईड दिसला. सरांची नजरसुद्धा मध्यरेषेकडूनच आणि तितकीच तिरकी, पण मैदानाच्या उलट्या बाजूने. त्यांच्या जवळ होता बचावपटू, त्यामुळे त्यांना स्ट्रायकर ढळढळीत मागे दिसला. एकच क्षण दोघांनी पाहिला, दोघांनी प्रामाणिकपणे पाहिला, आणि दोघांची खात्री परस्परांच्या विरुद्ध झाली. सहायक पंचाच्या उभं राहण्याच्या जागेमुळे अशा चुका होतात, हे नेदरलंड्समधल्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं आहे, आणि ते अनुभवी पंचांच्या बाबतीत. शालेय सामन्यात झेंडा कित्येकदा एखाद्या शाळेच्या शिक्षकाच्या किंवा मोठ्या विद्यार्थ्याच्या हाती असतो.

मोबाईलवरचा व्हिडिओही बेंचच्या मागूनच घेतलेला, म्हणजे सरांचाच कोन. तो शंभरदा पाहिला तरी पुरावा वाढत नाही.

निर्णय चुकीचा असू शकतो, आम्ही तसं स्पष्ट म्हटलं. सरांचे खांदे तिथे पहिल्यांदा सैल पडले. "मुद्दाम केलं" हा भाग गळून पडला की रागाची धार बरीच कमी होते. पूर्ण जात नाही, कारण खाली दुसरं काहीतरी असतं.

इथे ते होतं स्ट्रायकर. अशोक चौकाकडे राहणारा मुलगा, वडील यंत्रमागावर कामाला. "पुढच्या फेरीत तुला नेणारच" असा शब्द सरांनी घरी जाऊन दिला होता. "मी गप्प उभा राहिलो असतो, तर पोराला काय वाटलं असतं ओ? सर आपल्यासाठी उभेसुद्धा राहिले नाहीत?" प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, मुलाला मैदानावर सोडायला येणारे वडील, सगळ्यांची खरी काळजी ही असते, आणि ती मायेतून येते. तिला उत्तर द्यायचं तर मुलांनाच विचारायला हवं. सरांनी तीन खेळाडूंना एकेकटं गाठून विचारलं: त्या वेळी तुम्हाला माझ्याकडून काय हवं होतं? सरांनी पंचाशी भांडायला हवं होतं, असं एकानेही सांगितलं नाही. डाव्या बाजूचा बचावपटू म्हणाला, "सर, तुम्ही गेल्यावर मी कोणाला धरायचं तेच कळंना."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा इथे सरळ उपयोग होतो. पंचाने बरोबर निर्णय द्यावा, ही रास्त इच्छा. त्याने तो दिलाच पाहिजे, नाहीतर मी सहन करणार नाही, ही मागणी झाली, आणि शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात असलेल्या खेळात ती दर सामन्याला मोडणार. इच्छा मोडली की चिडचिड होते, वाईट वाटतं. मागणी मोडली की बाटली उडते. सरांनी इच्छा सोडायची नव्हती; फक्त तिची मागणी होऊ द्यायची नव्हती.

विचार पटला म्हणून शरीर ऐकतं असं मात्र नाही. सरांच्या तीन सराव सामन्यांत सहकारी शिक्षकाला एका वहीत नोंदी करायला सांगितल्या: मिनिट, निर्णय, सर काय बोलले, परत सूचना द्यायला किती वेळ लागला. भडके जवळजवळ सगळे शेवटच्या 15 मिनिटांतले निघाले. मग दिनक्रम विचारला. स्पर्धेच्या दिवशी पहाटे चहा, नंतर प्रवेशिका, ओळखपत्रं, जन्मतारखेचे दाखले, मुलांचे बूट, रिक्षा. दुपारी एकपर्यंत पोटात काही नाही, आणि वर सोलापूरचं ऊन. उपाशी, तहानलेला, न झोपलेला माणूस छोट्या गोष्टीवर मोठा पेटतो. भाकरी, शेंगाचटणी आणि केळी मुलांच्या किटमध्येच ठेवायची, सामन्याच्या दीड-दोन तास आधी खायची आणि मध्यंतरापर्यंत किमान अर्धा लिटर पाणी प्यायचं, हे ठरलं. कागदपत्रांचं काम सहकारी शिक्षकाकडे गेलं. हा उपाय ऐकायला फार साधा वाटतो, पण आमच्या मते निम्मं काम त्यानेच केलं.

उरलेलं काम शिट्टीनंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचं. तिथे विचार करायला वेळ नसतो, म्हणून क्रम आधीच ठरलेला लागतो. "निर्णय विरोधात गेला, तर मी अमुक करीन" असं नेमकं ठरवलेलं वाक्य मोघम निश्चयापेक्षा जास्त टिकतं. सरांचा क्रम असा: शिट्टी वाजली की दोन पावलं मागे आणि हात बेंचला. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, तोंडाने सहापर्यंत बाहेर, असं तीनदा. हे तीस सेकंद. पहिल्या श्वासानंतरच मनात एक वाक्य: "निर्णय झाला, आता पुढचा चेंडू." आणि लगेच एका ठरावीक खेळाडूला, नंबर घेऊन, क्रियापद असलेली सूचना: "चार नंबर, मागे ये." बाकीचे दोन श्वास त्यानंतर. "अरे खेळा की रे" ही सूचना नव्हे, तो आरडाओरडा झाला. पंधरा मुलांपैकी तो नेमका कोणासाठी, हे कोणालाच कळत नाही.

श्वासात बहुतेकजण एकच चूक करतात: मोठा श्वास आत ओढून छातीत कोंडून ठेवतात. त्याने छाती आणखी भरून येते आणि तो श्वास ओरडण्याबरोबरच बाहेर पडतो. सोडण्यापासून सुरुवात करायची ती यासाठी. पाण्याच्या बाटल्या बेंचच्या मागे, पायाच्या टप्प्याबाहेर ठेवायच्या. टेक्निकल एरिया, म्हणजे प्रशिक्षकाने उभं राहायची जागा, बेंचच्या दोन्ही बाजूंना एक मीटर आणि पुढे टचलाईनच्या एक मीटर अलीकडपर्यंत, एवढाच असतो. आपल्याकडच्या मैदानांवर तो क्वचितच आखलेला दिसतो. सरांनी सामन्याआधी स्वतःच चुन्याची रेघ मारायला सुरुवात केली. रेघ दिसली की पाय थांबतात.

आणि सराव. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटांचा खेळ, त्यात शिट्टीवाला मुद्दाम चुकीचे निर्णय देणार आणि संघाने पाच सेकंदांत आपापल्या जागी परतायचं. पहिल्यांदा हे फसलं. निर्णय खोटे आहेत हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे पोरं हसत होती, सरही. मग दोन बदल केले: कोणते निर्णय खोटे ते फक्त सहकारी शिक्षकाला माहीत, आणि हरलेल्या संघाने सरावाचे प्लास्टिकचे कोन, जाळ्या, बॉल सगळं आवरायचं. त्या संध्याकाळी खरा राग आला आणि खरा सराव झाला. पंचाला अपशब्द बोलणारा पाच मिनिटं बाहेर, हा नियम सरांनाही लागू होता.

पुढच्या खऱ्या सामन्यात सर ओरडले नाहीत. त्यांनी संथपणे टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "व्वा, काय नजर आहे!" पिवळं कार्ड मिळालं आणि त्यांना फार वाईट वाटलं, एवढं करूनही कार्ड मिळालंच म्हणून. पण उपरोधाच्या टाळ्या हा फुटबॉलच्या नियमांत नाव घेऊन दिलेला गुन्हा आहे. 2019 पासून प्रशिक्षकालाही कार्ड दाखवलं जातं. सौम्य नाराजीला ताकीद. बाटली फेकणं किंवा लाथाडणं, खेळाडूंना कार्ड दाखवा म्हणून सारखे हातवारे करणं, याला पिवळं. वस्तू मुद्दाम मैदानात फेकणं, पंचाला जाब विचारायला आत शिरणं, अपमानास्पद बोलणं, याला लाल. बेंचवरचा नेमका कोण ओरडला ते कळलं नाही, तर कार्ड मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर. राग दाबला की तो दुसऱ्या वाटेने बाहेर येतो; टाळ्या ही अशीच एक वाट. तेव्हापासून त्यांच्या एका हातात पॅड आणि दुसऱ्यात पेन असतं. वादग्रस्त निर्णयाचं मिनिट ते लिहून ठेवतात.

त्या नोंदीचा पुढे उपयोगही असतो. मैदानावर घडलेल्या गोष्टीबद्दल, गोल धरला की नाही याबद्दलसुद्धा, पंचाचा निर्णय अंतिम; खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो पंचालाही बदलता येत नाही. म्हणजे त्या मिनिटाला ओरडून गोल परत मिळण्याची शक्यता नाहीच. जे बदलता येतं ते आधी आणि नंतर. सामन्याआधी आयोजकांना विनंती करायची: दोन्ही झेंडे खेळत नसलेल्या शाळेच्या माणसांकडे द्या, आणि त्यांना बचावपटूच्या रेषेत राहायला सांगा. वय किंवा पात्रतेबद्दल आक्षेप असेल तर तो स्पर्धेच्या नियमांतल्या मुदतीत, लेखी द्यायचा. पंचगिरी सतत वाईट होत असेल तर मिनिटांच्या नोंदींसह पत्र, पण दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर. पोरांसाठी उभं राहणं हे असं करता येतं, आणि ते त्यांना सांगावंही.

माफीचा मसुदा सरांनी दोनदा लिहिला. पहिल्यात "निर्णय चुकीचा होता, पण मीही" असं होतं. "पण" असलेली माफी समोरच्याला दुसरी तक्रार वाटते. शेवटी पंचांना भेटून ते एवढंच बोलले: "मी तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना बोललो, ते सर्वांसमोर बोललो. मी माफी मागतो." संघासमोरही तेच सांगितलं. स्ट्रायकरने विचारलं, "सर, पण गोल होता ना?" त्याला खोटं सांगू नये. "मला बेंचवरून गोल वाटला. पंचांना तिथून ऑफसाईड दिसला. तुझी धाव चांगली होती." तिन्ही वाक्यं खरी आहेत.

त्यांच्या पत्नी एकदा सोबत आल्या. "हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तोच व्हिडिओ लावून बसायचे, आणि मुलगा काही विचारायला गेला की अंगावर यायचे," त्या म्हणाल्या. मनातलं ओकून टाकलं, चार मित्रांना फोन करून शिव्या घातल्या की राग उतरतो, असं समजलं जातं. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात उलट दिसलं: ज्यांनी राग आणणाऱ्या माणसाला मनात धरून बॅगवर ठोसे मारले, ते सर्वात जास्त चिडलेले राहिले. म्हणून घरचा नियम: सामन्यानंतर 24 तास व्हिडिओ नाही, ग्रुपवर उत्तर नाही, स्टेटस नाही.

मैदानाबरोबर घरातही हात उगारला जात असेल, राग शमवायला दारू लागत असेल, झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल किंवा नंतर काय केलं तेच आठवत नसेल, तर बेंचवरचा हा क्रम पुरत नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. छातीत धडधड आणि डोकं जड होणं यासाठी सरांना रक्तदाब तपासायला पाठवलं. तो वाढलेलाच निघाला. त्याची गोळी आता त्यांच्या फिजिशियनच्या सल्ल्याने चालू आहे, आणि स्पर्धेच्या दिवशी ती चुकू नये म्हणून किटमधल्या भाकरीच्या डब्यावरच चिकटवलेली असते.