स्पष्ट बोललं की माणसं तुटतात?

"खोटं बोलू नये, मान्य. पण खरं सांगून नाती तोडायची का?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणींनी विचारलाय की त्यापुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "आमच्या घरात स्पष्ट बोललेलं चालत नाही."

सुमेधाही (नाव बदललंय) हेच म्हणत आली. ही शिक्षिका, शनिवारी सकाळची शाळा. नणंदेचं कपड्यांचं दुकान, शनिवारी तिथे गर्दी. म्हणून दर शनिवारी दुपारी भाचा हिच्याकडे. हिला आठवड्यात तेवढीच दुपार मोकळी. मग कधी "पाहुणे येणारेत", कधी "डोकं चढलंय". नणंद भली बाई. म्हणाली, "तू पडून राहा, मी येताना भाजी-पोळी घेऊन येते. चिनू टीव्ही बघत बसेल." झालं! खोटं कारण दिलं की समोरचा ते खरं धरून उपाय काढतो, आणि तो उपाय मोडायला आपल्याला दुसरी थाप शोधावी लागते.

"खरं सांगितलंस तर काय होईल?" मी विचारलं.

"ताई दुखावतील."

"मग?"

"सासूबाईंच्या कानावर घालतील."

"घातलं तर?"

ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मी बोलले नाही. कुठे गप्प बसायचं, हे मला आता चांगलं कळतं. शेवटी म्हणाली, "मी वाईट ठरेन."

इतके दिवस ताईंसाठी चाललेलं खोटं स्वतःसाठी निघालं! तिचं तिलाच हसू आलं आणि डोळेही भरले.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. त्यांनी १९५५ पासून हेच मांडलं: सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं, ही इच्छा ठीक आहे, म्हटलंच पाहिजे, हा हट्ट छळतो. हट्ट सैल झाला की खरं बोलायला फार धाडस लागत नाही.

शब्द मात्र निवडावे लागतात. सुमेधाच्या पहिल्या मसुद्यात तीनदा 'सॉरी' आणि एकदा "गैरसमज करून घेऊ नका" होतं. ते काढलं. उरलं ते असं: "ताई, शनिवारची दुपार मला स्वतःसाठी हवीय. दर आठवड्याला चिनूला सांभाळणं जमणार नाही. महिन्यातला एखादा शनिवार आधी सांगितलात तर नक्की सांभाळेन." "तुम्ही नेहमीच गृहीत धरता" हे यात नाही. मागची उणीदुणी नकारात मिसळली की त्याचं भांडण होतं. "मी बाई तोंडावर बोलते" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगते. फटकळपणा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. आणि असं बोलणं व्हॉट्सॲपवर टाकू नका, शनिवार उजाडेपर्यंत ताटकळवूही नका. समोरच्याला दुसरी सोय करायला वेळ द्या.

ती बुधवारी बोलली. नणंद दोन दिवस तुटक वागली. मग म्हणाली, "हे जूनमध्येच सांगायचंस की गं. तेव्हा पाळणाघरात जागा होती."

सुमेधाला ते लागलं. मला विचाराल तर नणंदेचं बरोबर होतं.