टर्म ग्रँट अडली आहे, सीट गेलेली नाही

प्रश्न : माझा मुलगा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्ग सुरू होऊन सात महिने झाले. काविळीमुळे तो दीड महिना घरी होता, नंतरही अधूनमधून येत राहिला. आता कॉलेजचं पत्र आलंय. फिजिऑलॉजीत 80 पैकी 48 लेक्चर्सना आणि प्रॅक्टिकलच्या 180 पैकी 112 तासांना हजर; असंच राहिलं तर टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. अजून 50 लेक्चर्स आणि प्रॅक्टिकलचे 120 तास शिल्लक आहेत. मेहुणे म्हणतात, आमदारसाहेबांची चिठ्ठी आणू. मुलगा म्हणतो, सोडतो आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पुन्हा देतो. काय करावं? – एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार. चिठ्ठीचा विषय आधी संपवू. ती आणू नका. हजेरीची अट विभागप्रमुखांच्या मर्जीतली नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची आहे : थिअरीला किमान 75 टक्के, प्रॅक्टिकलला 80 टक्के, आणि तीही प्रत्येक विषयात वेगळी. परीक्षा घेतं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कॉलेज फक्त कोण पात्र आणि कोण नाही ते कळवतं, आणि ते कागदावर सही करून कळवतं. शिवाय आता अध्यापकांनाही वर्षातले किमान 75 टक्के कामाचे दिवस भरावे लागतात आणि 2025 च्या मे महिन्यापासून त्यांची हजेरी आधारशी जोडलेल्या चेहरा-पडताळणीने लागते. ज्यांची स्वतःची हजेरी अशी मोजली जाते, ते तुमच्या मुलासाठी खोटी सही का करतील? चिठ्ठीने एकच होईल. पुढची चार वर्षं तो ‘चिठ्ठीवाला’ म्हणून ओळखला जाईल.

आता तुम्ही पाठवलेल्या आकड्यांकडे वळू, कारण पत्रातलं खरं कामाचं तेच आहे. लेक्चर्स एकूण 130 होणार, म्हणजे 98 हवीत. 48 झालीत, उरलेली पन्नासच्या पन्नास केली तर बरोबर 98. एकही बुडवायची सोय नाही, पण थिअरी सुटते. प्रॅक्टिकलचं तसं नाही. एकूण 300 तासांपैकी 240 लागतात. उरलेले सगळे 120 भरले तरी बेरीज 232 वर थांबते. आठ तास कमी, म्हणजे दोन-दोन तासांची चार प्रॅक्टिकल्स. सारा पेच या चार प्रॅक्टिकल्सचा आहे. विभागात जादा किंवा भरून काढायची प्रॅक्टिकल्स घेतात का, हे मुलाने आजच विचारावं. परीक्षा तोंडावर आल्यावर विचारणारे खूप असतात, महिने हातात असताना स्वतःहून येणारा विद्यार्थी शिक्षकांच्या लक्षात राहतो. अ‍ॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीचा हिशेबही असाच मांडा. त्यांचं पत्र आलं नाही म्हणून तिथे सगळं ठीक आहे असं धरू नका.

डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट अर्जाला जरूर जोडा, पण मेडिकल सर्टिफिकेटने गैरहजेरीची हजेरी होत नाही. त्याने कारण कळतं, इतकंच. माझ्या मते 100 ऐवजी 75 आणि 80 टक्के मागितले जातात, त्यातच आजारपण आणि घरची कार्यं धरलेली आहेत.

आणि इथेच मला एक गोष्ट खटकते. सात महिन्यांत प्रॅक्टिकलचे 180 तास झाले, तर दीड महिन्याच्या काविळीत साधारण 38 तास बुडायला हवेत. बुडालेत 68. बाकीचे तीसेक तास मुलगा कुठे होता? मी त्याच्यावर आरोप करत नाही. हॉस्टेलचा त्रास, इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून जाणं, डिसेक्शन हॉलमध्ये मळमळणं, बारावीपर्यंत पहिला येणाऱ्याला पहिल्याच चाचणीत पन्नासपैकी अकरा मिळणं. पहिल्या वर्षाला हे सगळं होतं आणि मुलं ते घरी सांगत नाहीत. रागवायला नव्हे, जेवायला बसवून विचारा. रॅगिंग असेल तर यूजीसीची 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे आणि महाराष्ट्रात 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे. मनाचंच काही असेल तर 14416 वर टेलिमानसचे समुपदेशक मराठीतही बोलतात. ‘सोडतो’ या शब्दामागे बहुतेक यातलंच काहीतरी असतं.

सोडून पुन्हा ‘नीट’ परीक्षा द्यायचा विचार मला पटत नाही. आताची सीट हातची जाईल, मधेच सोडल्याबद्दल प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय ते वेगळं बघावं लागेल, आणि इतकं करून मिळेल त्या कॉलेजातही 75 आणि 80 हेच आकडे असतील. आयोग एकच, नियम एकच.

समजा, टर्म ग्रँट नाहीच झाली. तरी आभाळ कोसळत नाही. पहिलं वर्ष पार करायला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पुरं करायचं असतं. एखादी टर्म मागे पडलेले कितीतरी डॉक्टर आज उत्तम प्रॅक्टिस करताहेत. मात्र प्रयत्न वाया घालवू नयेत. अर्ध्यात सोडलेली परीक्षासुद्धा प्रयत्न म्हणून धरली जाते. ‘एक पेपर देऊन बघतो, जड गेला तर उठून येतो’ असं सीनियर सांगतात, ते ऐकू नये. दुसरं, नुसत्या हजेरीने काम होत नाही. अंतर्गत मूल्यमापनात थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून 50 टक्के, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान 40 टक्के असल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. त्याची जर्नल्स, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, पूर्ण आहेत का, सह्या झाल्यात का, हे काविळीच्या गडबडीत राहिलंच असणार.

तुम्ही कॉलेजात जाऊ नका असं नाही, भेटायला बोलावलं तर जा. पण अर्ज त्यालाच लिहू द्या. तो आता सज्ञान आहे. अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. त्यात आजाराच्या तारखा, वर मांडलेला हिशेब आणि चार जादा प्रॅक्टिकल्सची विनंती, एवढंच. एका पानाच्या वर जाऊ नये. विद्यार्थी विभागात एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला सांगा, आणि ती प्रत त्याने स्वतःजवळ ठेवावी.